आधी अक्षर की आधी शब्द?

पहिली-दुसरीच्या कुठल्याही वर्गात दोन प्रकारची मुलं हमखास भेटतात. पहिल्या मुलासमोर पुस्तक उघडलं की ते ओळीवर बोट फिरवत अख्खा धडा घडाघडा म्हणतं. घरची माणसं खूश होतात. मात्र त्याच धड्यातला मधलाच एखादा शब्द फळ्यावर लिहून विचारला, तर मूल गप्प होतं. धडा त्याला पाठ असतो, वाचता येत नसतो. दुसऱ्या मुलाला अक्षरं येतात. ‘क ला काना का, ग, द’ असं करत ते शब्दाच्या टोकापर्यंत नीट पोचतं. ‘मग शब्द कोणता झाला?’ असं विचारलं की बाईंच्या तोंडाकडे बघत राहतं. घरात रोज दिसणारा कागद त्याला त्या तीन अक्षरांत सापडत नाही.

दोघांनाही कुणीतरी मन लावून शिकवलेलं असतं. दोघांची अडचणही खरी असते, पण ती एक नसते. पहिल्याला शब्द फोडता येत नाही, दुसऱ्याला जोडता येत नाही. मुलांना वाचायला कसं शिकवावं यावर जगभरात गेली दीडशेहून अधिक वर्षं जो वाद चालला आहे, तो मुळात या दोन मुलांबद्दलचाच आहे.

हा वाद शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांपुरता ठेवून भागत नाही. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने 2005पासून होणारी ‘असर’ पाहणी ग्रामीण भारतातल्या मुलांना घरी जाऊन एक साधा कागद वाचायला देते. त्यावर अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट असते. 2022मध्ये ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुलं 20.5 टक्के होती. 2024मध्ये हा आकडा 27.1 टक्क्यांवर आला. म्हणजे तिसरीतल्या दर चार मुलांपैकी साधारण एक. तिसरीनंतर परिसर अभ्यास असो की गणितातली शाब्दिक उदाहरणं, सगळं वाचूनच शिकायचं असतं. ज्याला तोवर वाचता आलं नाही, त्याच्यासाठी पुढची सगळी पुस्तकं बंदच राहतात.

चार वाटा

सर्वांत जुनी वाट अक्षरांची. पंतोजींच्या शाळेत मूल धूळपाटीवर अक्षर गिरवायचं, बाराखडी मोठ्याने म्हणायचं आणि बऱ्याच काळाने शब्दांपर्यंत पोचायचं. आजची अंकलिपी त्याच वाटेवरची. आधी मुळाक्षरं, मग बाराखडी, मग बिनकान्याचे शब्द, मग काना-मात्रेचे, शेवटी जोडाक्षरं असा हा क्रम आहे. शिकवणाऱ्याला तो सोपा जातो, कारण उद्या काय घ्यायचं ते ठरलेलं असतं. मुलाला मात्र आपण हे कशासाठी करतो आहोत ते कित्येक महिने कळत नाही.

दुसरी वाट ध्वनींची, म्हणजे फोनिक्सची. इथे अक्षराचं नाव गौण असतं, त्याचा आवाज महत्त्वाचा. मूल आधी बोललेल्या शब्दातले आवाज वेगळे करायला शिकतं, मग कुठला आवाज कुठल्या खुणेने लिहितात ते शिकतं आणि लगेच ते आवाज जोडून शब्द वाचतं. मारिया माँटेसरींनी 1907मध्ये रोममध्ये सुरू केलेल्या बालगृहात मुलं खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवत त्यांचा आवाज काढायची आणि सुट्या अक्षरांनी शब्द रचायची. तिथली मुलं वाचण्याआधी लिहू लागली.

तिसरी वाट शब्दांची. चित्र दाखवायचं, खाली शब्द लिहायचा, तो पुन्हा पुन्हा दाखवून अख्खा ओळखीचा करायचा. असे बरेच शब्द झाले की त्यांतून अक्षरं वेगळी काढायची. या वाटेवर पहिल्या दिवसापासून अर्थ सोबत असतो. धोका असा की मूल शब्दाचा आकार आणि चित्र एवढंच लक्षात ठेवतं. ‘काका’ आणि ‘काकी’ यांतला फरक त्याच्या नजरेतून सुटतो.

चौथी वाट समग्र भाषेची. जसं मूल ऐकत-बोलत भाषा शिकतं, तसंच पुस्तकांच्या सहवासात वाचायला शिकेल, असा तिचा विश्वास. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया अॅश्टन-वॉर्नर प्रत्येक मुलाला त्याच्या मनातला, त्याच्या भीतीचा किंवा प्रेमाचा शब्द विचारत आणि तोच कार्डावर लिहून त्याच्या हातात देत. 1963च्या आपल्या पुस्तकात त्यांनी हे काम मांडलं आणि जगभरच्या शिक्षकांना त्याने हलवून सोडलं.

इंग्रजीतली लढाई

या वाटांवरून सर्वांत कडाक्याचं भांडण इंग्रजीत झालं. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘बघा आणि म्हणा’ पद्धतीच्या पुस्तकांचं राज्य होतं. 1955मध्ये रुडॉल्फ फ्लेश यांनी ‘जॉनीला वाचता का येत नाही’ असा सवाल करणारं पुस्तक लिहिलं आणि दोष सरळ या पद्धतीवर ठेवला. 1967मध्ये हार्वर्डच्या जीन शॉल यांनी तोवरचं संशोधन चाळून सांगितलं, की अक्षर-आवाजाचं नातं सुरुवातीलाच नीट शिकवलेल्या मुलांचा पाया पक्का होतो. त्याच वर्षी केनेथ गुडमन यांनी नेमकं उलट मांडलं. त्यांच्या मते वाचन म्हणजे संदर्भावरून बांधलेला अंदाज. मुलाने ‘घोडा’ऐवजी ‘तट्टू’ वाचलं तर अर्थ त्याला कळलेलाच असतो. हा विचार पुढची काही दशकं अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या शाळांत रुजला.

पुढच्या संशोधनाने त्याची बाजू लंगडी केली. चांगले वाचक अंदाजावर चालत नाहीत. ते शब्दातली अक्षरं खरोखर बघतात, फक्त इतक्या वेगाने की त्यांना ते जाणवत नाही. संदर्भाचा आधार जास्त घेतात ती अडखळणारी मुलं. 2000मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रीडिंग पॅनेलने शेकडो अभ्यास तपासून पाच गोष्टी पुढे ठेवल्या: आवाजांची जाण, अक्षर-आवाजाचं नातं, ओघवतं वाचन, शब्दसंपत्ती आणि आकलन. इंग्लंडने 2006च्या रोझ अहवालानंतर ध्वनिपद्धत जवळजवळ सक्तीची केली. 2012पासून तिथल्या सहा वर्षांच्या मुलांना चाळीस शब्द वाचायला देतात. त्यांतले वीस अर्थहीन असतात, म्हणजे पाठांतर चालत नाही. 2012मध्ये ही चाचणी 58 टक्के मुलांनी पार केली, 2018मध्ये 82 टक्के मुलांनी.

अमेरिकेतल्या मिसिसिपी या गरीब राज्याची गोष्ट त्याहून बोलकी आहे. 2013मध्ये राष्ट्रीय चाचणीत तिथले चौथीचे विद्यार्थी वाचनात देशात जवळजवळ तळाला होते. त्या वर्षी राज्याने कायदा केला, शिक्षकांना वाचन शिकवण्याचं शास्त्र शिकवलं, कमकुवत शाळांत मार्गदर्शक नेमले आणि तिसरीअखेर वाचता न येणाऱ्या मुलांना पुढे न ढकलण्याचं ठरवलं. 2019पर्यंत ते राज्य राष्ट्रीय सरासरीला पोचलं. श्रेय एकट्या फोनिक्सला देता येणार नाही. शिक्षकांवर केलेला खर्च आणि वर्षानुवर्षं टिकवलेला आग्रह यांचा त्यात मोठा वाटा होता.

देवनागरीचं गणित वेगळं

इंग्रजीतला हा निकाल मराठीला जसाच्या तसा लावता येत नाही. इंग्रजीत अक्षरं सव्वीस आणि आवाज चाळीसहून अधिक. ‘कफ’ (cough), ‘थ्रू’ (through) आणि ‘दो’ (though) या तीन शब्दांची शेवटची चार अक्षरं अगदी सारखी, उच्चार मात्र तीन तऱ्हांचे. तेरा युरोपीय भाषांतल्या मुलांचा 2003मध्ये प्रसिद्ध झालेला तुलनात्मक अभ्यास सांगतो, की फिनिश किंवा स्पॅनिश मुलं शाळेच्या पहिल्या वर्षीच अचूक वाचू लागतात, इंग्रजी मुलांना मात्र त्याच टप्प्यावर यायला दुपटीहून जास्त काळ लागतो.

मराठीत बरंचसं जसं लिहितात तसंच वाचतात. अक्षराचं नाव हाच त्याचा आवाज. मग अडतं कुठे?

अडतं ते खुणांच्या संख्येत. चौतीस व्यंजनं आणि प्रत्येकाची बाराखडी धरली तर चारशेहून अधिक रूपं होतात. त्यावर जोडाक्षरं. एकट्या ‘र’ची रूपं पाहा: ‘सूर्य’मध्ये तो डोक्यावर चढतो, ‘चक्र’मध्ये पोटात शिरतो, ‘राष्ट्र’मध्ये पायाशी बसतो आणि ‘सुऱ्या’मध्ये आणखी वेगळा होतो. पहिली वेलांटी लिहायची व्यंजनाच्या आधी, म्हणायची नंतर. ‘घर’मधल्या ‘र’चा अ लिहिताना पूर्ण असतो, बोलताना गळून जातो. ‘चमचा’मधला च वेगळा आणि ‘चिमणी’तला वेगळा. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांच्या वाचनाचा अभ्यास 2007मध्ये प्रसिद्ध केला. त्यात दिसलं की अक्षरांच्या सगळ्या रूपांवर हुकमत यायला चौथीपर्यंतचा काळ लागतो. कन्नड लिपीची रचना देवनागरीसारखीच आहे, म्हणून मराठी शिक्षकांसाठीही हा अभ्यास मोलाचा आहे.

चारशे रूपं एकेक करून पाठ करायची नसतात. क ला काना लागला की का होतो, तसा म ला लागला की मा, हे मुलाच्या ध्यानात आलं की दहा-बारा खुणांत सगळी बाराखडी उलगडते. पण बाराखडी नुसती तालात म्हणून घेतली तर नेमकं हेच निसटतं. ‘कु’ ओळखायला सांगितलं की कित्येक मुलं मनात ‘क का कि की’ पासून सुरुवात करून तिथवर चालत जातात. त्यांना ओळ येते, खूण येत नाही.

वर्णमालेचा क्रमही इथे अडचण करतो. कंठ, तालू, मूर्धा, दंत, ओष्ठ अशी उच्चारस्थानांप्रमाणे लावलेली ही मांडणी भाषेच्या शास्त्रातली थोर गोष्ट आहे. शब्दकोशाला ती हवीच. पण वाचायला शिकणाऱ्या मुलाच्या हाती क, ख, ग, घ, ङ ही पाच अक्षरं आली तरी त्यांतून त्याच्या बोलण्यातला एक धड शब्द तयार होत नाही. त्यापुढे मुळाक्षरं संपेपर्यंत काना-मात्रा लांबवली की मुलाचं वाचनाचं जग ‘कमळ’, ‘गवत’, ‘मगर’, ‘नमन’ एवढ्यावर थांबतं. ‘मला’, ‘नको’, ‘दे’ हे त्याचे रोजचे शब्द त्यात बसत नाहीत. ‘आम्ही’, ‘तुम्ही’, ‘माझ्या’, ‘त्याला’ यांत तर जोडाक्षरं आहेत, आणि ती सर्वांत शेवटी येतात.

कोसबाड, फलटण, वाडा

महाराष्ट्रात या प्रश्नाला हात घालणारी माणसं पूर्वीपासून आहेत. ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेका यांच्यासोबत 1926मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला आणि माँटेसरींची पद्धत इथल्या मुलांसाठी, इथल्या साधनांनी उभी केली. 1945मध्ये त्या बोर्डीला गेल्या आणि पुढे अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये राहिल्या. गुरं राखणारी मुलं शाळेत येऊ शकत नाहीत म्हणून त्यांनी शाळाच कुरणात नेली. कुठल्याही पद्धतीआधी मूल कुठे आहे हे बघावं लागतं, हा धडा त्या कुरणशाळांनी घालून दिला.

फलटणला मॅक्सीन बर्नसन या अमेरिकेत जन्मलेल्या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी प्रगत शिक्षण संस्था आणि 1986मध्ये कमला निंबकर बालभवन सुरू केलं. मराठीतून उत्तम वाचन-लेखन हा त्या कामाचा कणा राहिला. अक्षरांची पक्की ओळख आणि अर्थपूर्ण वाचन-लेखन यांतलं एक निवडायचं नाही, दोन्ही पहिल्यापासून सोबत चालवायचं, ही दिशा तिथल्या कामातून मराठी शिक्षकांना मिळाली.

अक्षरगटाची पद्धत याच दिशेची. वर्णमालेचा क्रम बाजूला ठेवायचा; चार-पाच अक्षरं आणि एक-दोन मात्रा एकत्र घ्यायच्या. समजा म, क, ल, न ही अक्षरं आणि काना व दुसरी वेलांटी एवढंच शिकवलं. तेवढ्यात काम, नाक, कान, लाल, मका, काका, मामी, कमान, मालक, मला असे शब्द होतात. ‘मीनाला मका, काकाला काम’ अशी जोडणीही मूल स्वतः करतं. दोन आठवड्यांच्या आत त्याला कळतं, की या खुणांनी आपलं बोलणं लिहिता येतं. पुढच्या गटात आणखी चार अक्षरं, आणखी एखादी मात्रा. जुनं दर वेळी नव्यात मिसळत जातं. इथे ध्वनिपद्धतीची शिस्त असते आणि शब्दपद्धतीचा अर्थही.

पालघर जिल्ह्यातला वाडा तालुका या कामातलं आणखी एक महत्त्वाचं ठिकाण. 2013 ते 2016 या काळात शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मराठीसाठी वाड्यात आणि कन्नडसाठी कर्नाटकातल्या यादगीरमध्ये मुलांच्या वाचन-लेखनाचा सलग तीन वर्षं अभ्यास केला. वर्गातला बहुतेक वेळ अक्षरं एका सुरात म्हणण्यात आणि फळ्यावरचं उतरवून घेण्यात जातो, असं त्यांना दिसलं. गोष्ट ऐकणं, तिच्यावर बोलणं, मनातलं लिहिणं यांना जागाच नव्हती. अक्षरांवर एवढा वेळ घालवूनही बरीच मुलं मात्रा आणि जोडाक्षरांपाशी अडकली होती.

त्याच तालुक्यात सोनाळे इथे निलेश निमकर यांनी 2007मध्ये सुरू केलेली ‘क्वेस्ट’ ही संस्था अंगणवाड्या, जिल्हा परिषदेच्या शाळा आणि आश्रमशाळांसोबत काम करते. ‘गोष्टरंग’ या त्यांच्या उपक्रमात नट मंडळी मुलांसमोर पुस्तकातली गोष्ट सादर करतात. ज्या घरात एकही पुस्तक नाही, तिथल्या मुलाला पुस्तकात काय दडलेलं असतं ते असं कुणीतरी आधी दाखवावं लागतं. त्यानंतर अक्षरांसाठी कष्ट घ्यायला त्याला कारण मिळतं.

घरची बोली

पद्धतींच्या चर्चेत एक गोष्ट नेहमी मागे पडते, ती म्हणजे मुलाच्या तोंडची भाषा. तक्त्यावर ‘ण’ समोर बाणाचं चित्र असतं. मूल घरी ‘बान’ म्हणतं, ‘पानी’ म्हणतं. त्याच्या कानाला त्या चित्रात ‘न’ ऐकू येतो, आणि बाई म्हणतात ‘ण’. वऱ्हाडातलं मूल डोळ्याला ‘डोया’ म्हणतं. त्याला ‘ळ’ची ओळख डोळ्याच्या चित्रावरून कशी व्हावी? वारली, कोरकू, गोंडी बोलणाऱ्या मुलांसाठी तर अक्षराबरोबर शब्दही परका असतो. तक्त्यावरचं गणपतीचं किंवा छत्रीचं चित्र अशा मुलाला त्याच्या भाषेतला शब्दच आठवून देईल.

अशा मुलाला चूक ठरवून काही साधत नाही. त्याचं ‘बान’ फळ्यावर लिहावं, शेजारी ‘बाण’ लिहावं आणि दोन्ही म्हणून बघावेत. आवाजातला फरक कानाला कळला की खुणेतला फरक डोळ्याला कळायला वेळ लागत नाही. मुलाने आपल्या बोलीत सांगितलेलं वाक्य शिक्षकाने जसंच्या तसं लिहून घेतलं, तर तो त्याचा पहिला वाचनपाठ होऊ शकतो, कारण त्यातला प्रत्येक शब्द त्याला आधीच कळलेला असतो.

इंग्रजीचाही विचार करावा लागतो. महाराष्ट्रात 2000पासून पहिलीतच इंग्रजी आहे, त्यामुळे सहा वर्षांचं मूल दोन लिप्या एकदम उचलतं. तिथे ध्वनिपद्धतीला पर्याय नाही. ‘सी’ हे नाव पाठ असून ‘कॅट’ वाचता येत नाही. त्या अक्षराचा ‘क’ हा आवाज माहीत असावा लागतो. मराठीत आवाज जोडायची सवय झालेलं मूल इंग्रजीतही तीच युक्ती वापरतं. मराठी नीट वाचू लागलेल्या मुलाचं इंग्रजी त्यामुळे मागे पडत नाही, उलट सुरुवात सोपी होते.

कुठे अडलं, हे कसं ओळखावं

1986मध्ये फिलिप गॉफ आणि विल्यम टन्मर यांनी वाचनाचं एक सोपं सूत्र मांडलं: अक्षरं उलगडण्याची क्षमता गुणिले भाषेची समज. इथे बेरीज नाही, गुणाकार आहे. दोहोंपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्यच. अक्षरपद्धतीचे पाठीराखे पहिल्या आकड्यामागे लागले, समग्र भाषेचे दुसऱ्या.

हे सूत्र शिक्षकाला आणि पालकालाही घरच्या घरी वापरता येतं. मुलाने कधी न पाहिलेला एक छोटा परिच्छेद घ्यावा. आधी तो त्याला वाचू द्यावा आणि काय झालं ते विचारावं. जमलं नाही, तर दुसरा तसाच परिच्छेद आपण वाचून दाखवावा आणि तोच प्रश्न विचारावा. ऐकून सगळं कळलं, पण वाचून कळलं नाही, तर अडचण अक्षरांची आहे. अशा मुलाला अक्षरगट, मात्रा आणि जोडाक्षरांचा रोजचा थोडा, नेमका सराव हवा. ऐकूनही कळलं नाही, तर बाराखडी आणखी शंभर वेळा गिरवून काही होणार नाही. त्याला गोष्टी, गप्पा आणि शब्द हवेत.

‘प्रथम’ने मुलांना इयत्तेप्रमाणे न बसवता वाचनाच्या पातळीप्रमाणे गटात बसवून रोज तास-दोन तास शिकवण्याची रीत रुळवली. 2019चं नोबेल मिळालेल्या अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी सहकाऱ्यांसह या कामाच्या परिणामांचा काटेकोर अभ्यास केला आणि ती रीत उपयोगी ठरल्याचं दाखवलं. तिच्यामागचा विचार हाच: चौथीत असूनही शब्दांपाशी अडलेल्या मुलाला चौथीचा धडा देण्यात अर्थ नाही.

5 जुलै 2021 रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ मोहिमेने 2026-27पर्यंत प्रत्येक मुलाला तिसरीअखेर समजून वाचता यावं असं उद्दिष्ट ठेवलं. तिसरीसाठी मिनिटाला किमान साठ शब्दांचा वेगही त्यात आहे. वेग मोजायला सोपा, म्हणून शाळा त्याच्याच मागे लागण्याची भीती आहे. साठ शब्द वाचून झाल्यावर ‘यात काय घडलं?’ हा एक प्रश्न जोडला तर ती टळते. एका मुलाची पातळी बघायला पाच-सात मिनिटं पुरतात, म्हणजे तीस मुलांचा वर्ग आठवडाभरात तपासून होतो. त्यासाठी शिक्षकाला तेवढा मोकळा वेळ, अक्षरगटांचं साहित्य आणि वर्गात मुलांच्या हाताला लागतील अशी पन्नासेक चांगली मराठी पुस्तकं मिळाली पाहिजेत.